आजीला विमानात नेताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू आजीला विमानाने काशीला नेणार, ही बातमी आता आळीत कुणाला सांगायची राहिलेली नाही. तिच्या पहिल्या विमानप्रवासाच्या वेळी तू होस्टेलवर होतीस. आत्याच्या नातवाचं बारसं होतं नागपूरला. त्या प्रवासातल्या गमती तुला लिहून कळवायच्या होत्याच, आता तयारीलाही उपयोगी पडतील.

लोहगावला तपासणीत आमची बॅग बाजूला काढली. आत ओटीसाठी घेतलेल्या खोबऱ्याच्या वाट्या! सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही, असं तिथल्या मुलाने अदबीने समजावलं. आजी म्हणाली, "अरे, तेल आहे म्हणून तर ते चांगलं खोबरं!" मग थोडा विचार करून विचारलं, "पोटात घालून नेलं तर चालेल का?" तो हसला, मागची सगळी रांग हसली. आजीने खरंच एक तुकडा तोंडात टाकला, एक मला दिला आणि बाकीच्या वाट्या शांतपणे त्याच्या हवाली केल्या.

आत गेल्यावर खिडकीची जागा. बसते न बसते तोच हवाईसुंदरी म्हणाली, खिडकी बंद करा. "मग ठेवलीत कशाला?" मी सांगितलं, आई, हा हवाई दलाचा तळ आहे, इथे फोटो काढायला मनाई असते. सैनिकांचं नाव निघताच तिने झडप खाली ओढली, वर पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनाही ओढायला लावली. लाइफ जॅकेटची माहिती तिने एकाग्रतेने ऐकली आणि विचारलं, "नागपूरच्या वाटेवर समुद्र कुठे रे लागतो?" मला उत्तर सुचलं नाही.

उतरताना शेजारचं बाळ कळवळून रडू लागलं. त्याची आई बिचारी घाबरलेली. आजी म्हणाली, "अगं, पाज त्याला, कानाला दडे बसलेत." गिळलं की कान मोकळे होतात, हे तिला कोणी शिकवलं असेल? बाळ गप्प झालं. मग दोन्हीकडच्या रांगांत आजीची खडीसाखर फिरली. मला त्या वेळी तिचा फार अभिमान वाटला.

नागपूरला काकांनी जुनी गोष्ट सांगितली. १९४९ पासून कित्येक वर्षं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी टपालाची विमानं मध्यरात्री नागपुरात यायची, टपाल आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. आजी लगेच म्हणाली, "म्हणजे विमानांचं भुसावळच की!" काकांना ते इतकं आवडलं की बारशात प्रत्येकाला ऐकवलं.

आता कामाचं. तिचे गुडघे दुखतात, तेव्हा तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेव. ती नको म्हणेल. लोहगावचं नवं टर्मिनल मोठं आहे, चालणं बरंच आहे, हे तिला समजावून सांग. खडीसाखर पर्समध्ये असू दे. ओटीचं सामान काशीलाच घ्या. आणि तिकिटावर 'माई' लिहू नकोस, आधार कार्डावर सुशीला आहे.

तुझा,
बाबा