बिल विदर्स हरला नव्हता

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतल्या विस्मृतीत गेलेल्या गायकांवरच्या लेखात बिल विदर्स दिसला, बरे वाटले. पण यश टिकवता न आल्याने १९८५नंतर तो अज्ञातवासात गेला, हे काही पटले नाही.

मी चिंचवडच्या एका टूलरूममधून, म्हणजे कारखान्याची अवजारे आणि साचे बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालो. सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारातले मला फार कळत नाही, पण हा माणूस कळतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसाखाणींच्या गावचा, लहानपणी बोलताना अडखळणारा. नऊ वर्षे नौदलात काढून लॉस एंजेलिसला आला आणि कारखान्यात विमानांतल्या शौचालयांच्या जोडणीला लागला. १९७१ साली पहिला अल्बम आला तेव्हा तिशी उलटली होती. त्याच्या कव्हरवर विदर्स कारखान्याच्या भिंतीशी उभा आहे, हातात जेवणाचा डबा. फोटो जेवणाच्या सुट्टीतच काढलेला. गाण्याच्या धंद्याचा भरवसा काय, म्हणून तो लगेच नोकरी सोडायलाही तयार नव्हता. आमच्या कारखान्यात असल्या माणसाला शहाणा म्हणायचे.

याच अल्बममधल्या ‘एन्ट नो सनशाइन’ या गाण्यात तो ‘आय नो’ एवढेच २६ वेळा म्हणतो. तिथे खरे तर आणखी ओळी लिहायच्या होत्या. सोबतचे वादक म्हणाले, राहू दे असेच, आणि त्याने ऐकले. पुढे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीतल्या एका साहेबाने एल्व्हिस प्रेस्ली या गायकाचे गाणे गाऊन बघ असे सुचवले, ते मात्र मुळीच ऐकले नाही. कारागिराचे ऐकायचे, साहेबाचे नाही! अशा साहेबांना कंटाळूनच त्याने १९८५च्या अल्बमनंतर अल्बम काढणे थांबवले.

बरे, थांबला म्हणजे संपला का? १९८७ साली क्लब नूवो या मंडळींनी त्याचे ‘लीन ऑन मी’ नव्याने गायले आणि ते अमेरिकेत पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. त्याबद्दलचे ग्रॅमी हे संगीताचे पारितोषिक गीतकार म्हणून विदर्सलाच मिळाले. गाण्यांच्या हक्कांचा कारभार त्याची पत्नी मार्शिया सांभाळायची. दुसऱ्या कुणीही गायले तरी लिहिणाऱ्याचा वाटा घरी येत होता. याला अज्ञातवास म्हणायचे तर अनेक जण आनंदाने जातील.

लेखाखालच्या गाण्यांच्या यादीत ‘लीन ऑन मी’पुढे फक्त क्लब नूवोचे नाव आहे. कृपया दुरुस्ती छापावी आणि यापुढे गायकाबरोबर गाणे लिहिणाऱ्याचेही नाव द्यावे, ही विनंती.

— एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड