नाणे कोठे सापडले, हेही कळवा

रोमन सम्राटांची नाणी जमवण्याच्या छंदावरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. संग्राहकांनी नाण्यांची छायाचित्रे, वजन व व्यास परस्परांना मोकळेपणाने कळवावेत, हे लेखातील मत पटले. मात्र नाणे कोठे व कोणत्या थरात सापडले, या नोंदीविषयी त्यात एक ओळही नसावी, हे खटकले. इंग्लंडमधील फ्रोमजवळ २०१० मध्ये मातीच्या एका मडक्यात तिसऱ्या शतकातील ५२,५०३ रोमन नाणी मिळाली. मडक्याचे तोंड दिसताच शोधणाऱ्याने खोदणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले, म्हणूनच ते थराथराने रिकामे करता आले आणि त्यातील सर्वांत अलीकडच्या, म्हणजे कारॉसियस या ब्रिटनमधील बंडखोर सम्राटाच्या काळातील नाण्यांपैकी बहुतेक वर नव्हे, तर निम्म्याच्या खाली असल्याचे दिसले. अर्थात ही वर्षानुवर्षे टाकत गेलेली पुंजी नसून मडके एकाच वेळी भरले गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. हीच नाणी पोत्यात भरून (आणि हौसेने घासूनपुसून!) बाजारात आली असती, तर त्यांवरचे सम्राट तेवढे ओळखता आले असते. नाण्याच्या पाकिटावर सम्राटाच्या नावाखाली मी प्राप्तिस्थानासाठी एक ओळ आखतो. माझ्याही बहुतेक पाकिटांवर ती कोरीच आहे.

– एक नाणेसंग्राहक, सांगली