पाककृतीत सुरीचाही उल्लेख हवा

प्रति,
मा. संपादक,

विषय : कच्चे मटण-चिकन हाताळताना भांड्यांमार्फत होणारा जंतूंचा प्रसार

महोदय,

आषाढ संपत आला की मुंबईतल्या मटण-चिकनच्या दुकानांसमोर रांगा लागतात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून सामिष पाककृती छापून येऊ लागतात. त्यांपैकी बहुतेकींची सुरुवात ‘चिकन स्वच्छ धुऊन घ्यावे’ या वाक्याने होते. ते कसे धुवावे, धुतल्यावर मोरीचे काय करावे आणि ज्या सुरीने तुकडे केले तिला पुढे कशाकशाला लावू नये, याविषयी मात्र एक ओळही नसते. मसाल्याचे प्रमाण थोडे चुकले तर फक्त चव बिघडते; इथे चुकले तर घरातले लहान मूल किंवा वृद्ध माणूस आजारी पडू शकते.

कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात आणि मांस कितीही ताजे दिसले तरी ते नजरेला कळत नाहीत. मांस आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मटण कुकरला शिट्ट्या देऊन शिजते, चिकनही रश्श्यात चांगले उकळते, त्यामुळे रश्श्याची चिंता सहसा नसते. चिंता आहे ती त्याच ताटात वाढलेल्या चिरलेल्या कांद्याची, लिंबाच्या फोडीची, कोशिंबिरीची आणि वरून पेरलेल्या कोथिंबिरीची. यांतले काहीच शिजत नाही आणि ते पुष्कळदा त्याच विळीवर, त्याच पाटावर, त्याच घाईत चिरले जाते.

अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत, नंतर माग काढता येईल असे निरुपद्रवी जंतू लावलेले कच्चे चिकन लोकांना देऊन त्यांच्याकडून स्वयंपाक करवून घेतला होता. ज्यांनी चिकन धुतले त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते जंतू सापडले आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडमध्येही पोहोचले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, ज्यांनी चिकन धुतलेच नाही, त्यांच्यापैकीही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये जंतू होते. म्हणजे दोष केवळ उडणाऱ्या पाण्याचा नव्हे, तर हातांचा आणि भांड्यांचाही आहे.

आपल्या दुकानातून आलेल्या मांसाला रक्त, हाडांचा चुरा, कधी पिसे लागलेली असतात. तेव्हा ‘धुऊच नका’ हा सल्ला इथे कोणी ऐकेल, असे मला वाटत नाही. पण वाहत्या नळाखाली धरण्याऐवजी खोल पातेल्यातल्या पाण्यात मांस हलक्या हाताने धुवावे, ते पाणी सावकाश ओतावे आणि लगेच मोरी साबणाने घासावी, एवढे तर कोणालाही जमेल. चाळीतल्या एका खोलीच्या घरात दोन विळ्या आणि दोन पाट ठेवणे शक्य नसते, हे मी जाणतो. तिथे क्रम बदलावा : कांदा, लिंबू, कोथिंबीर आधी चिरून झाकून ठेवावी आणि मांसाला त्यानंतरच हात लावावा. यासाठी एक पैसाही लागत नाही.

विळी, पाट आणि परात नुसती विसळून भागत नाही, कारण मांसाची चरबी थंड पाण्याने निघत नाही. साबण आणि गरम पाणी हवेच. ज्या घासणीने ती परात घासली, तीच पुढे पाण्याच्या पेल्यांत फिरते, म्हणून अशा भांड्यांसाठी घासणी वेगळी असावी. मसाल्याच्या डब्याकडे तर आपले लक्षच जात नाही. दही-हळद चोळता चोळता तोच हात मिठाच्या बरणीत जातो, आणि त्याच बरणीतले मीठ मग कोशिंबिरीवर पडते. लागणारे तिखट-मीठ आधीच वाटीत काढून ठेवले तर हे टळते.

या जंतूंचा त्रास काही तासांत सुरू होऊ शकतो, तसा दोन ते पाच दिवसांनीही होऊ शकतो. त्यामुळे रविवारी मटण-चिकन झाले आणि बुधवारी पोट बिघडले, तर दोष आदल्या दिवशी बाहेर खाल्लेल्या वडापावला दिला जातो आणि घरातल्या पाटावर कोणाचा संशयही जात नाही.

बाहेरच्या खाण्याविषयी एवढेच म्हणेन की, चायनीजच्या गाडीवर कच्चे चिकन आणि वरून घालायचा पातीचा कांदा एकाच फळीवर कापला जाताना, किंवा कच्च्या कबाबाला तेल लावलेला ब्रश भाजलेल्या कबाबावर फिरताना दिसला, तर गिऱ्हाइकाने तिथेच बोलावे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ पासून आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने गटारीच्या आठवड्यात प्रत्येक चिकन-मटणाच्या दुकानात मराठी आणि हिंदीत एक साधा फलक लावायला सांगावे, अशी माझी विनंती आहे. मांस घेणारा प्रत्येक माणूस तिथे रांगेत उभा असतोच.

आणि आपल्याला विनंती अशी की, येत्या पुरवणीपासून प्रत्येक सामिष पाककृतीत ‘धुऊन घ्यावे’ याच्या पुढे ‘कोशिंबीर आधी चिरून ठेवावी, मांसाची सुरी, पाट व हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही लावू नयेत’ ही ओळ छापावी.

आपला,
एक नियमित वाचक
परळ, मुंबई