पुराचा आकडा कुणी पुसला?

संपादक महोदय, स. न.

समाजमाध्यमांना सरकारने वेसण घातलीच पाहिजे, हा आपला कालचा अग्रलेख दोनदा वाचला. त्यात सरकार आहे, कंपन्या आहेत. ज्याचा मजकूर काढतात तो माणूस मात्र कुठेच नाही.

२०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि आमचे घर बुडाले. तेव्हापासून दर पावसाळ्यात पुलावरचा पाणीपातळीचा आकडा आणि कोयना धरणाचा विसर्ग मी एका समाजमाध्यमावर टाकतो. तो बघून आसपासची माणसे सामान हलवतात. मध्यंतरी एका पावसाळ्यात पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाले, तेव्हा रात्री अकराला लिहिले, 'सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटवाल्यांनी जनावरे आत्ताच काढावीत.' पहाटे पाहतो तर पोस्ट गायब. 'नियमभंग' एवढेच कारण. कसला नियम, कसला भंग, काही नाही. सकाळी शेजारच्या वहिनी दारात, "काका, आकडा काढलात, म्हणजे पाणी उतरलं ना?" माळ्यावर चढवलेली धान्याची पोती त्यांनी खाली घ्यायला सुरुवातही केली होती! ते ऐकून माझे हातपाय गार पडले.

कंपनीकडे तक्रार केली. पंधराव्या दिवशी उत्तर आले, 'निर्णय योग्य आहे.' तोवर कृष्णा पात्रात परतली होती. समाजमाध्यमांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांत तेव्हा सरकारी आदेशासाठी कंपनीला ३६ तास दिले होते आणि माझ्यासारख्याच्या तक्रारीसाठी १५ दिवस. यातच सगळे आले.

आणि आता त्याच सरकारच्या हाती आणखी अधिकार द्या म्हणता? २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली, ती कायद्याच्या जोरावरच. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. त्याच कायद्यातले, सरकारला मजकूर रोखू देणारे ६९ अ कलम मात्र टिकले, कारण त्यात लेखी कारणे द्यायची आणि बाजू ऐकून घ्यायची तरतूद आहे. सरकारच्या कामाबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारी कक्षच ठरवणार, हा नियमही २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. अग्रलेखात यातले अक्षरही नाही.

नियमन नकोच, असे माझे म्हणणे नाही. दामदुप्पट पैशांची खोटी जाहिरात त्याच माध्यमावर महिनाभर झळकत होती, माझे एक स्नेही त्यात पेन्शनची शिल्लक घालवून बसले. ती दिसली नाही, पुराचा आकडा दिसला! पोस्ट काढायची तर काढा, पण कारण मराठीत कळवा आणि माणसाने माणसाचे ऐकून घ्या, तेही पाणी चढायच्या आत. आदेश सरकारचा असो की कंपनीचा, कायद्याने एवढे तरी बांधून घ्यावे.

जाता जाता आपल्याबद्दलही. पुराच्या दिवसांत आपण पाणीपातळी सहाव्या पानावर, आदल्या सकाळची छापता. येत्या पावसाळ्यात ती पहिल्या पानावर घ्या आणि किती वाजताची आहे तेही लिहा.

आपला,
एक पूरग्रस्त वाचक
गावभाग, सांगली