घोषणांचे टी-शर्ट आणि नियम ३४९

मा. संपादक,

२० मार्च २०२५ रोजी द्रमुकचे खासदार मतदारसंघ पुनर्रचनेविरुद्धच्या घोषणा छापलेले टी-शर्ट घालून लोकसभेत आले. अध्यक्षांनी बदलून या म्हणून सांगितले, कामकाज तहकूब झाले. राज्यघटनेचा अनुच्छेद १०५ खासदारांना सभागृहात भाषणस्वातंत्र्य देतो, पण नियमांच्या अधीन राहून. आणि लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम ३४९ झेंडे, चिन्हे दाखवायला मनाई करतो. छातीवरची छापील ओळ त्यात कशी बसते, हे मात्र स्पष्ट लिहिलेले नाही. मार्च २०२३ मध्ये विरोधक नुसते काळे कपडे घालून आले, तेव्हा बोट ठेवायला अक्षरच नव्हते! नियम ३७३ नुसार एखाद्याला दिवसभरासाठी बाहेर पाठवता येते. उलट तहकुबीने अकराचा प्रश्नोत्तराचा तास सगळ्यांचाच बुडतो. नियमात ‘कपड्यांवरील मजकूर’ असे स्पष्ट शब्द घालावेत.

— एक वाचक