लिव्हरच्या उपचारानंतरचे दिवस : परळमधल्या दोन खोल्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

टाटा हॉस्पिटलच्या आसपास राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना फुटपाथवर पथारी पसरलेली कुटुंबं रोज दिसतात. आपण त्यांना पाणी देतो, गणपतीत महाप्रसादाला बोलावतो, रक्तदान शिबिरं भरवतो. या वेळी मात्र एका वेगळ्या कामासाठी आपल्याकडे आलो आहोत. लिव्हरच्या कॅन्सरच्या गाठीवर रेडिओएम्बोलायझेशन झालेल्या बाहेरगावच्या रुग्णांना नंतरचे सात-आठ दिवस राहता यावं, म्हणून मंडळाच्या कार्यालयावरच्या दोन खोल्या तयार करायच्या आहेत.

या उपचाराला रुग्ण नुसतं 'वाय-नव्वद' म्हणतात. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी थेट लिव्हरच्या धमनीपर्यंत नेतात आणि केसाहूनही बारीक, किरणोत्सर्गी यिट्रियम असलेले लाखो मणी गाठीत सोडतात. निरोगी लिव्हरला जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त दुसऱ्याच वाटेने, आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं. गाठ मात्र धमनीवर जगते, म्हणून मणी मुख्यतः गाठीतच अडकतात. त्यांचे किरण सरासरी अडीच मिलिमीटरपर्यंतच पोचतात. आधी एक चाचणी-अँजिओग्राफी करून मणी फुप्फुसाकडे किंवा जठराकडे तर जाणार नाहीत ना, हे तपासून घेतात. पूर्वी हे मणी परदेशातूनच यायचे. आता आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभास्फिअर' नावाने ते देशातच तयार केले आहेत.

या उपचाराने सगळे बरे होतात, असं आम्ही कुणालाही सांगत नाही. फ्रान्समधल्या 'सारा' नावाच्या मोठ्या अभ्यासात (२०१७) सोराफेनिब या कॅन्सरवरच्या औषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा हा उपचार घेणाऱ्यांचं आयुष्य काही वाढलं नाही. पण त्रास कमी झाला आणि रोजचं जगणं त्यांना जास्त सुसह्य वाटलं. ज्याच्या हाती थोडे महिने आहेत, त्याला ते अंथरुणावर उलट्या काढत घालवायचे की अंगणात नातवाशेजारी बसून, हा फरक आमच्या लेखी फार मोठा आहे.

पण हा फरक पडतो तो नंतर नीट काळजी घेतली तरच. उपचारानंतर दोन-तीन आठवडे जबर थकवा येतो, भूक मरते, थोडं पोट दुखतं, बारीक ताप येतो. यातलं बरंचसं आपोआप निवळतं. किरणांचा जोर ६४ तासांत निम्म्यावर येतो आणि ११ दिवसांत त्यांचं बहुतेक काम संपतं. तोवर डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईच्या जवळ बसायचं नाही, वेगळं झोपायचं. जेवण वाढायला, औषध द्यायला, विचारपूस करायला काहीच हरकत नसते. हे आवर्जून सांगतो, कारण 'अंगातून किरण येतात' म्हणून माणसाला वाळीत टाकलेलंही आम्ही पाहिलं आहे.

आता दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, त्यात दोन वर्षांचं पोर. गावाहून आलेल्या मामांनी वेगळं झोपायचं कुठे? जांघेत नळी घातलेल्या माणसाला काही दिवस उकिडवं बसायचं नाही असं सांगतात, आणि चाळीत संडास भारतीय पद्धतीचा, तोही मजल्याच्या टोकाला. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या किती रुग्णांना आसरा देते ते आपण जाणतोच, पण तिथल्या खाटाही मोजक्याच.

गेल्या पावसाळ्यात विदर्भातले एक काका आमच्या ओळखीने इथे राहिले होते. उपचार चांगला झाला, ते हसत गावी गेले. सहाव्या आठवड्यात डोळे पिवळे दिसू लागले. घरच्यांना वाटलं साधी कावीळ आहे, म्हणून शेजारच्या गावी कावीळ उतरवायला नेलं, मुळीचं औषध दिलं. मुंबईच्या भाड्याची जुळवाजुळव होईपर्यंत दहा दिवस गेले आणि पोटात पाणी भरलं. काका राहिले नाहीत. मुळात आजारच मोठा होता. लवकर आणलं असतं तर वाचले असते, असं म्हणायचा आम्हाला अधिकार नाही. पण चौथ्या ते आठव्या आठवड्यात किरणांचा फटका निरोगी लिव्हरलाही क्वचित बसू शकतो, डोळे पिवळे झाले किंवा पोट फुगलं तर त्याच दिवशी फोन करून हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांच्या घरी कुणीतरी दोनदा सांगायला हवं होतं. ते आम्ही सांगू शकलो असतो. आमच्याकडे त्यांचा नंबरही होता.

म्हणून खोल्यांच्या जोडीला एक वही ठेवणार आहोत. गावी गेलेल्या प्रत्येक रुग्णाला दोन महिने दर आठवड्याला फोन करायचा. रक्ततपासणी झाली का, बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) किती आलं, जेवण जातं का, एवढं विचारायचं आणि गडबड वाटली तर तिकिटाचे पैसे लगेच पाठवायचे. औषधाचा सल्ला आम्ही देणार नाही, तो डॉक्टरांचाच.

यासाठी चार लोखंडी खाटा, गाद्या, दोन कमोड, हात धरायचे दांडे आणि एक गीझर हवा. प्लंबर आणि गवंडीकाम करणाऱ्या आपल्या मंडळींनी मजुरीत सूट दिली तरी मोठी मदत होईल. रोजचा एक डबा हवा, मऊ भात, वरण, कमी तेलाची भाजी. ज्या घरून आठवड्यातून एकदा जमेल त्यांनी वार कळवावा. फोन करायला पाच-सहा जण हवेत, त्यातही हिंदी आणि बंगाली बोलणारे असतील तर फार बरं. तपासण्यांसाठी परत येणाऱ्यांच्या रेल्वेभाड्याचा निधी वेगळा ठेवणार आहोत. त्यात शंभर रुपयेही चालतील.

रोख रक्कम फक्त कार्यालयात, संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. धनादेश मंडळाच्या नावे काढावा. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागेल. खोल्या बघायच्या असतील तर रविवारी सकाळी या, जिन्याचा कठडा सध्या सैल आहे, तेवढं जपून.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, परळ