बॅगेतलं पाकीट

पिंट्या,

पोचल्याचा मेसेज बघितला. मी बरा आहे, आज आमटीभात खाल्ला, आई म्हणते तोंडावर रंग आलाय. एवढंच कळवायचं होतं, पण तुझ्या बॅगेच्या साइडच्या खिशात तू निघायच्या आधी ते डायक्लोचं, दुखण्यावरच्या गोळीचं पाकीट दिसलं, दहातल्या सात गोळ्या संपलेल्या. फोनवर विचारलं असतं तर चिडला असतास.

माझं काय झालं ते बघितलंसच की. गुडघ्यासाठी दीड महिना हीच गोळी, ती पण उपाशीपोटी चहाबरोबर. संडास काळी व्हायला लागली, डांबरासारखी चिकट, वास पण उग्र, तरी चार दिवस गप्प बसलो, कुठंतरी ऐकलेलं की लोहाच्या गोळीनं काळी होते. आता मी लोहाची गोळी घेतच नव्हतो, पण माणूस स्वतःची समजूत कशी पण घालतो बघ. पाचव्या दिवशी बाथरूममध्ये पडलो, हिमोग्लोबिन ६.४. डॉक्टर म्हणाले ते रक्तच होतं, वर पोटात सांडलेलं, खाली येईपर्यंत काळं पडतं. ही गोळी दुखणं मारते आणि जठराचं अस्तर पण उघडं पाडते. नशीब, दुर्बिणीतूनच अल्सरला इंजेक्शन देऊन क्लिप लावली, पोट फाडावं लागलं नाही.

आणि तो एच पायलोरी, पोटात अल्सर करणारा जंतू पण निघाला माझ्यात, १४ दिवस ॲंटीबायोटिक आणि ॲसिडची गोळी, नंतर महिन्याभरानं परत तपासणी. मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरनं १९८४ ला हा जंतू स्वतः पिऊन दाखवला म्हणे, २००५ ला नोबेल मिळालं. पडल्यापडल्या मोबाईलवर हेच वाचत होतो. हा घरात एकाचा दुसऱ्याला लागू शकतो, आणि तू लहानपणी माझ्याच ताटात जेवायचास. तेवढी टेस्ट करून घे. आणि संडासचा रंग बघत जा, लाजू नको.

लेक्चर झालं, माफ कर. आण्णांचं आठवतं रे. मी नववीत, त्यांना उलटी झाली चहाच्या चोथ्यासारखी, बैलगाडीत घालून नेलं, डोकं माझ्या मांडीवर, आणि ते रस्ताभर विचारत होते मोटर बंद केलीस का, मोटर बंद केलीस का. आज्जी शेवटपर्यंत करणीच म्हणत राहिली. आण्णा डोकेदुखीची पुडी रोज घ्यायचे, त्यात ॲस्पिरिन असायचं, हे मला आत्ता साठीत कळतंय.

तू रात्री दोन वाजता रक्ताच्या पिशव्या घेऊन आलास, फॉर्मवर सही केलीस, माझा हात थरथरत होता आणि तुझा नव्हता. ते मी कुणाला बोललो नाही, आईला पण नाही. आणि तुझी कंबर दुखतेय ती माझ्या उशाशी चार रात्री त्या प्लास्टिकच्या खुर्चीत झोपून, हे कळतं मला. म्हणून तर जास्त राग येतोय, कुणावर ते माहीत नाही. तिकडं डॉक्टरला दाखव, पोटाला सोसेल असं काहीतरी देतील, तोपर्यंत पॅरासिटामॉल घे, ती पण जेवूनच.

पाकीट शोधू नको. उरलेल्या तीन गोळ्या मी काढून घेतल्यात, त्याच खिशात आईनं तेलाची बाटली ठेवलीय, झाकण नीट लावलंय का बघ.

पप्पा